‘एमेट’ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या नकाशात डावीकडे खाली समुद्रात घुसलेलं एक टोक दिसतं, ते कॉर्नवॉल. २०१७ ते २०२१ अशी चार वर्षं मी तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करत होते. सध्या त्या दिवसांबद्दल मराठीत लिहिते आहे. लिखाण बरं चाललं होतं, पण गेले तीन आठवडे एका शब्दापाशी अडले आहे. तो बाजूला ठेवून पुढचं लिहावं म्हटलं तर पानापानावर तोच आडवा येतो.

शब्द आहे ‘एमेट’. कॉर्नवॉलची माणसं पर्यटकांना त्यांच्या माघारी असं म्हणतात. एमेट म्हणजे मुंगी. हा आमच्या कॉर्निश भाषेतला शब्द, असं तिथे बरेच जण अभिमानाने सांगतात, पण कॉर्निशमध्ये मुंग्यांना ‘मोर्यन’ म्हणतात. एमेट जुन्या इंग्रजीतलाच. तोच झिजून झिजून आजचा ‘अँट’ झाला आणि बोलीभाषेत मात्र एमेट म्हणून टिकून राहिला.

मी तो पहिल्यांदा बसमध्ये ऐकला. ऑगस्ट महिना. तिथल्या खेड्यांमधले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना झाडोरा वाढलेले उंच दगडी बांध आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एक माणूस मोटारीला कॅराव्हॅन जोडून आला आणि त्याला ती काही केल्या मागे घेता येईना. आमचा ड्रायव्हर खाली उतरला. अगदी मऊ आवाजात त्याला ‘माय लव्हर’ म्हणत (तिथे अनोळखी माणसालाही असं म्हणतात, आपण ‘अरे राजा’ म्हणावं तसं) चाक कुठे वळवायचं, कुठे थांबायचं ते सांगत राहिला. वाट मोकळी झाल्यावर वर आला, दार लावलं आणि पुटपुटला, ‘एमेट्स.’ पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी ‘हो बाई’ म्हणावं तशा माना हलवल्या.

आश्रमात माझ्याकडे एक आजी होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळी त्यांना औषधं देताना मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्या इतक्या हसल्या की गोळी घशात अडकते की काय अशी मला भीती वाटली. मग सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः तीस वर्षं घरातल्या तीन खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने दिल्या होत्या. छपराची पाटी-कौलं त्या पैशांतून बदलली, मुलाचं शिक्षण त्यातून झालं. सकाळी पाहुण्यांसमोर ताटं ठेवताना ‘माय लव्हर’, आणि स्वयंपाकघराचं दार मागे लोटलं की ‘आज एमेट्स लवकर उठलेत.’ यात काही चूक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मी विचारलं, ‘मग मी कोण?’ त्या म्हणाल्या, ‘तू तर कामाला येतेस. एमेट्स सुट्टीला येतात.’

तर मला मराठी शब्द हवा आहे. ‘पर्यटक’ हा माहितीपत्रकातला शब्द, तो आजींच्या तोंडी शोभत नाही. ‘पाहुणे’ म्हटलं की मान येतो आणि तो शब्द तोंडावरही म्हणता येतो, त्यामुळे सगळी गंमतच जाते. ‘टोळधाड’ वापरून पाहिला. पण टोळ पीक फस्त करतात आणि निघून जातात, मागे काही ठेवत नाहीत. आजींचं छप्पर तर याच लोकांनी शाकारलं. सरळ ‘मुंग्या’ लिहिलं तर आपल्या मनात कष्ट, शिस्त, साठवण असलं चांगलंचुंगलं येतं. ‘उपरे’ फार कडू.

दुसरं असं की, तुमच्यापैकी कित्येक जण बाहेर राहिलेले आहात. तुम्ही होतात तिथे पर्यटकांना मागून काय म्हणायचे? अशा शब्दांची जातकुळी काय असते हे कळलं, तर माझा शब्द मला सापडेल असं वाटतं.

जुनीवही:

कॉर्नवॉलच्या शेजारच्या डेव्हनमध्ये मी काही वर्षं होतो. टेमार नदी ओलांडली की तोच पर्यटक ‘ग्रॉकल’ होतो. हा शब्द डेव्हनमधल्याच टॉर्कीच्या किनाऱ्यावर चित्रित झालेल्या १९६४ सालच्या एका इंग्रजी चित्रपटामुळे सगळीकडे पसरला. त्याआधी मुलांच्या एका साप्ताहिकातल्या चित्रकथेत ग्रॉकल नावाचा ड्रॅगनसारखा प्राणी होता, तिथून तो आला असं सांगतात. किनाऱ्यावरच्या दुकानांत टांगलेल्या शिंपल्यांच्या माळा आणि टोप्यांना ‘ग्रॉकल-बेट’ म्हणतात, म्हणजे ग्रॉकल पकडायचं आमिष. त्या माळा विकणारा दुकानदारही असंच म्हणतो, हे तुमच्या आजींसारखंच.

शब्दाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ‘एमेट’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे आजींच्या तोंडून अर्थ सांगून टाका, पुढे वाचक आपोआप सरावतो. मराठी वाचकाला परका शब्द जड जातो असं मानणं मला पटत नाही.

रानवारा:

मी पोलंडमधल्या क्राकूवमध्ये शिकायला होतो. तिथून झाकोपाने दोन-अडीच तासांवर, तात्रा पर्वताच्या पायथ्याशी. तिथल्या डोंगरी लोकांना ‘गुराले’ म्हणतात आणि ते खालून आलेल्या प्रत्येकाला ‘त्सेपेर’ म्हणतात. हा जुना शब्द, त्यात थोडी कीव आहे. याला चालता येत नाही, हवामान कळत नाही, बूट चुकीचे, असा काहीसा भाव. मी दोन उन्हाळे तिथल्या एका डोंगरी विश्रामगृहात भांडी घासायला होतो, तेव्हा पहिला महिनाभर मीही त्सेपेर होतो. महिन्यानंतर एकदा म्हाताऱ्या व्यवस्थापकाने मला न विचारता माझ्या पाठीवर पिठाचं पोतं ठेवलं आणि वर न्यायला सांगितलं. त्यानंतर मला कुणी त्सेपेर म्हटलं नाही.

पण तुमच्या एमेटचा खरा भाऊ दुसराच आहे. ‘स्तोंका’. स्तोंका म्हणजे बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा, पिवळी पाठ आणि त्यावर दहा काळे पट्टे. मोर्स्किए ओको नावाचं एक सरोवर आहे. गाडी खाली ठेवून साधारण नऊ किलोमीटर डांबरी रस्त्याने चालत जावं लागतं. जुलैच्या शनिवारी त्या रस्त्याकडे वरून पाहिलं की रंगीबेरंगी जॅकेटांची एक सलग ओळ हळूहळू वर सरकताना दिसते. ती ओळ म्हणजे स्तोंका. एकट्या माणसाला हा शब्द फारसा लागत नाही. रस्ता भरला की लागतो.

पोलंडमध्ये या किड्याला इतिहास आहे. १९५० मध्ये सरकारने जोरदार प्रचार केला की अमेरिकन विमानं आपल्या शेतांवर हे भुंगेरे टाकताहेत. शाळेतल्या मुलांना रांगेने शेतात नेऊन ते वेचायला लावत. माझ्या घरमालकिणीने लहानपणी बाटलीत भरून वेचले होते. त्यामुळे म्हातारी माणसं स्तोंका म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे खरोखरचा किडा असतो.

आणि आता ऐका. फ्रान्समध्ये, ब्रिटनी वगैरे किनाऱ्यांवर पर्यटकांना ‘दोरिफोर’ म्हणतात, आणि दोरिफोर म्हणजे हाच कोलोरॅडो भुंगेरा! दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच लोक बटाटे फस्त करणाऱ्या जर्मन सैनिकांना दोरिफोर म्हणायचे. सैनिक गेले, शब्द राहिला, आणि पुढे तो उन्हाळी गर्दीला चिकटला. दीडेक हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, पर्यटकांसाठी एकच किडा निवडला. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

पाणवठा:

स्पेनचा अनुभव सांगते. मालागाला हॉटेलच्या धुलाईघरात तीन वर्षं. तिथला शब्द ‘गिरी’. उच्चार अगदी आपल्या गोवर्धनगिरीतल्या गिरीसारखा. गोरापान, उन्हाने कोळंबीसारखा लाल झालेला, सँडलमध्ये मोजे घातलेला, स्पेनची माणसं घरात पडदे ओढून झोपतात त्या दुपारी दोनच्या उन्हात हिंडणारा, तो गिरी.

शब्दाचा उगम राजकारणात आहे. १८३३ मध्ये स्पेनमध्ये गादीवरून यादवी सुरू झाली. राणी मारिया क्रिस्तीना हिच्या बाजूचे ते ‘क्रिस्तिनो’. विरोधातल्या बास्क लोकांच्या जिभेवर त्याचं ‘गिरिस्तिनो’ झालं, आणि त्याचा शेंडा तुटून गिरी. म्हणजे सुरुवातीला तो शत्रूपक्षाच्या सैनिकाचा शब्द. रानवारा यांच्या दोरिफोरसारखाच हाही युद्धातून सुट्टीवर आला!

मी एकदा बरोबरच्या बायकांना विचारलं, मी गिरी का? त्या म्हणाल्या, छे, तू कशी गिरी होशील? गिरी व्हायला उत्तरेकडून यावं लागतं. मला त्या वेळी बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की मी सुट्टीत तिथे फिरायला गेले असते तरी मला कुणी गिरी म्हटलं नसतं, कारण माझ्या कातडीला तिथे वेगळेच शब्द होते आणि ते काही प्रेमाचे नव्हते. म्हणून उंबरठाताई, तुमच्या आजींचं ‘तू कामाला येतेस’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. त्यांनी रंग मोजला नाही, काम मोजलं.

अजून एक. परदेशी माणसाला ठेवलेलं नाव त्या मानाने सौम्य असतं, आपल्याच देशातल्या शहरी माणसाला ठेवलेलं जास्त झोंबरं. कातालोनियाच्या डोंगरात बार्सिलोनाहून येणाऱ्यांना ‘पिशापिन्स’ म्हणतात, म्हणजे पाइनच्या झाडाखाली लघवी करणारे. उत्तरेला कांताब्रियात माद्रिदकडच्या सुट्टीकरांना ‘पापार्दो’ म्हणतात. हा एक मासा, उन्हाळ्यात थव्याने किनाऱ्याजवळ येतो. स्वीडनमध्ये माझी बहीण आहे, ती सांगते की तिथे गावाकडची माणसं स्टॉकहोमवाल्यांना ‘नॉल-ओत्ता’ म्हणतात, शून्य-आठ, तो स्टॉकहोमचा टेलिफोन कोड. परक्याला आपली भाषा कळत नाही हे गावाने धरून ठेवलेलं असतं. आपल्याच राजधानीतल्या माणसाला सगळं कळतं, तरी तो कळल्यासारखा वागत नाही. राग त्याचा असतो.

तारवं:

बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. बंदरात उतरलं की गोदी कामगारांकडून शिव्या आणि टोपणनावं आधी शिकतो माणूस. जमवलेल्यातले काही देतो.

ब्राझीलमध्ये किनाऱ्यावर दिवसभरासाठी येणाऱ्याला ‘फारोफेइरो’. फारोफा म्हणजे कसाव्याचं भाजलेलं पीठ, घरून डबा भरून आणतात. रोमकडे ‘फागोत्तारी’, म्हणजे बोचकीवाले, खायचं गाठोड्यात बांधून आणणारे. क्रोएशियात ‘पारादाइझ तुरिस्ती’, टोमॅटो पर्यटक, घरून टोमॅटोसुद्धा गाडीत घालून आणणारे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘शूबी’. पूर्वी आगगाडीने एका दिवसासाठी येणारे लोक बुटांच्या खोक्यात जेवण आणायचे, त्यावरून. चार देश, चार भाषा, तक्रार एकच: येतोस, आमच्या वाळूवर बसतोस, आणि खातोस मात्र घरचं.

डर्बनच्या किनाऱ्यावर ‘फाली’ ऐकला. ट्रान्सवालकडून, म्हणजे आतल्या प्रदेशातून उतरणारे. ट्रान्सवाल हा प्रांत नकाशावरून गेला तरी फाली आहेतच. आणि लिस्बनला ‘कमॉन’. इंग्रज पर्यटक एकमेकांना सारखे ‘कम ऑन’ म्हणतात, म्हणून त्यांचं नावच कमॉन पडलं. मला हा सगळ्यात आवडतो, कारण तो कान देऊन ऐकणाऱ्याने पाडलेला शब्द आहे.

उंबरठाताईंना सुचवणी: ‘डबेवाले’ चालणार नाही हे मलाही कळतं. पण ‘गाठोडी’? ‘आज गाठोडी लवकर उतरली.’ बघा बसतंय का.

जुनीवही:

तारवं, तुमचा डब्याचा मुद्दा रंगतदार आहे, पण अर्धाच आहे. मिशिगनमधल्या मॅकिनॅक बेटावर आणि आसपास पर्यटकाला ‘फजी’ म्हणतात, कारण तो फज नावाची मिठाई खोकी भरभरून विकत घेतो. तो गावातच पैसे खर्च करतो, तरी त्याला नाव पडलंच. घरून आणलं तर शूबी, विकत घेतलं तर फजी! त्यामुळे राग न मिळालेल्या पैशाचा आहे हे मला पुरतं मान्य नाही. गाव आठ महिने शांत असतं, आणि मग एकदम त्याच्या स्वतःच्या रस्त्यावर त्याला चालायला जागा उरत नाही. शब्द तिथून येतो. खाणंपिणं हे फक्त चटकन डोळ्यांत भरणारं असतं.

उंबरठा, ‘गाठोडी’ नको. त्यात गरिबी दिसते, मुंगीची वळवळ दिसत नाही.

दीपमाळ:

मी सगळं वाचलं. सगळ्यांना हे शब्द गोड वाटत आहेत, म्हणून मला दुसरी बाजू लिहावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी मी वडिलांना घेऊन एका बेटावर गेले होते. वडील चाकाच्या खुर्चीत, तेव्हा त्यांचं वय ७९. समुद्र पाहायची त्यांची शेवटची इच्छा म्हणा हवं तर. फेरीबोटीच्या फळीवर खुर्ची चढवताना चाक अडकलं आणि मागची रांग थांबली. तिकिटं फाडणाऱ्या दोन पोरांपैकी एकजण दुसऱ्याला एक शब्द बोलला आणि दोघं हसले. आमच्याबरोबर तिथली भाषा येणारी मैत्रीण होती, तिचा चेहरा पडला. मी खूप आग्रह केल्यावर तिने अर्थ सांगितला. तो शब्द इथे लिहिणार नाही, गावही सांगणार नाही.

ती पोरं वाईट नव्हती. पुढच्याच मिनिटाला त्यांनीच खुर्ची उचलून आत ठेवली. पण वडिलांनी मला विचारलं, ‘काय म्हणाला गं तो?’ आणि मी खोटं बोलले. आयुष्यात त्यांच्याशी फार थोड्या वेळा खोटं बोलले आहे, त्यातली ती एक वेळ.

रानवारा म्हणतात की स्तोंका एकट्या माणसाला लागत नाही, गर्दीला लागतो. पण गर्दीत माणसं एकेकटीच असतात ना? किड्याचं नाव घेतलं की रांगेतला प्रत्येक जण सारखा होतो. पिठाचं पोतं उचलू शकणारा सुटतो. खुर्चीतला माणूस पोतं कसं उचलणार?

उंबरठा, तुम्ही आजींवर प्रेम करता हे ओळीओळीत दिसतं. म्हणूनच सांगते, मराठीत जो शब्द आणाल तो सांभाळून आणा. चांगला जमला तर लोक तो वापरायला लागतील.

पाणवठा:

दीपमाळ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं. धुलाईघरात आम्ही दिवसभर गिरी गिरी करायचो आणि चादरींवर कुणाचं दुखणं दिसलं की गप्प व्हायचो. एकदा एका खोलीतल्या चादरी सलग पाच दिवस एकाच बाजूने चुरगळलेल्या येत होत्या, दुसरी बाजू कोरी. एकटीच म्हातारी बाई होती, पलंग मात्र दोघांसाठी मागून घेतलेला. तिला कुणी गिरी म्हटलं नाही. तिचा उल्लेख ‘तीनशे चौदावाली सेन्योरा’ असाच व्हायचा.

जुनीवही:

दीपमाळ यांचं म्हणणं मानून एक फरक नोंदवतो, तो उंबरठांना कामाला येईल. परकेपणाचा शब्द वेगळा आणि पर्यटकपणाचा वेगळा. थायलंडमधला ‘फरांग’ हा आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ, दोघेही ‘फ्रँक’वरून फारसीमार्गे आलेले (थाई भाषेत फरांग म्हणजे पेरूसुद्धा). पूर्व आफ्रिकेतला ‘म्झुंगू’ हा स्वाहिलीतल्या ‘झुंगुका’, म्हणजे गोल गोल फिरणे, यावरून. चक्कर येण्याला त्याच भाषेत ‘किझुंगुझुंगू’ म्हणतात! पण म्झुंगू तिथे चाळीस वर्षं राहिला तरी म्झुंगूच राहतो. फरांगचंही तेच.

एमेट, ग्रॉकल, त्सेपेर यांतून माणूस बाहेर पडू शकतो. काम केलं, हिवाळा काढला, की नाव गळून पडतं. ग्रीकमध्ये तर ‘क्सेनोस’ या एकाच शब्दात परका आणि पाहुणा दोन्ही मावतात. तेव्हा तुमचा मराठी शब्द असा हवा की ज्यातून बाहेर पडायला वाट असेल. जात, प्रांत, रंग याचा वास असलेला एकही शब्द त्यात नको. ‘उपरे’ तुम्ही टाकलात ते योग्यच केलंत.

तारवं:

हौशे! हौशे-नवशे-गवशे मधले हौशे. इतका वेळ कसं सुचलं नाही.

रानवारा:

हौशे जत्रेला शोभतात, पण त्यात किडा नाही. मला वाटतं ‘मुंगळे’ घ्या. मुंगी कष्टाळू असते, मुंगळा तसा नसतो. मुंगळा गुळासाठी येतो. जिथे गूळ तिथे मुंगळे, हे आपण रोज म्हणतोच, आणि ते म्हणताना गूळ आपला आहे याचा थोडा तोराही असतो. मुंगळा चावतो, पण त्याने घर पडत नाही. गूळ संपला की जातो. आणि ‘आज मुंगळे लवकर उठलेत’ हे म्हणून बघा जरा.

उंबरठा:

म्हणून बघितलं. मोठ्याने, तीनदा. मग आजींच्या आवाजात. बसलं.

रानवारा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बाकी सगळ्यांचेही. जुनीवही, मूळ शब्द ठेवावा हे तुमचं म्हणणं मी अर्धं घेते आहे. बसमधल्या प्रसंगात ड्रायव्हर ‘एमेट्स’च म्हणेल, कारण तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता आणि वाचकालाही तो माहीत नसायला हवा. संध्याकाळी आजी अर्थ सांगतात तिथपासून ‘मुंगळे’.

दीपमाळ, तुमचं लिहिणं वाचून मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मग एक ठरवलं. ‘मुंगळे’ फक्त आजींच्या आणि गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी येईल. निवेदनात मी तो शब्द वापरणार नाही, तिथे ‘माणसं’, ‘मंडळी’, ‘कुटुंबं’ असंच लिहीन. मी तिथे हिवाळे काढले तरी तो शब्द वापरायचा हक्क मला नाही असं वाटतं. मी तीन खोल्या भाड्याने दिल्या नव्हत्या.

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून एक जुनी गोष्ट आठवली, ती आता पुस्तकात घेणार आहे. आजींच्या नातीला गावात घर मिळत नव्हतं. किनाऱ्याजवळची घरं बाहेरच्या लोकांनी सुट्टीसाठी म्हणून घेऊन ठेवलेली, किमती हाताबाहेर गेलेल्या. कॉर्नवॉलमध्ये हा प्रश्न इतका मोठा आहे की २०१६ च्या मे महिन्यात सेंट आइव्हज गावाने चक्क मतदान घेतलं, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की यापुढे बांधलेली नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. नोव्हेंबरात मी आजींची खुर्ची खिडकीशी नेली की त्या समोरच्या उतारावरच्या अंधारलेल्या खिडक्या बोटाने मोजायच्या. एकदा मी म्हटलं, ‘ही एमेट्सची घरं ना?’ त्या एकदम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘नाही, नाही. एमेट्स घरी जातात.’ मग त्या खिडक्यावाल्यांना काय म्हणायचं, असं मी विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. त्यांच्यासाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हता. इतकी वर्षं त्या प्रसंगाचा अर्थ मला नीट लागला नव्हता. जुनीवहींनी बाहेर पडायच्या वाटेबद्दल लिहिलं, तेव्हा लागला.

आणि एक प्रसंग आज सकाळीच लिहून झाला, तो सांगून थांबते. २०२० चा ईस्टर. मार्चअखेरीपासून सगळं बंद. आश्रमात कुणाच्या घरचं माणूस येऊ शकत नव्हतं, आम्ही तोंड झाकून आत-बाहेर करायचो. ईस्टरला तिथला मोसम सुरू होतो. ऊन असं स्वच्छ पडलं होतं की बंदरातल्या होड्यांवरची नावं वरून वाचता येत होती. ओहोटी लागलेली, वाळू मैलभर उघडी, आणि वाळूवर एक माणूस नाही. फक्त सीगल पक्षी.

आजींना मी खिडकीशी बसवलं. चहा थंड झाला तरी त्यांनी कप उचलला नाही. शेवटी मला म्हणाल्या, ‘आज वार कोणता?’

मी म्हटलं, ‘रविवार. ईस्टर आहे आजी.’

‘मग मुंगळे कुठे आहेत?’